‘ए.ई.सी.टी.’ची शंभर वर्षे : पेशा की बाजारपेठ?

प्रस्तावना :

बी.एड.च्या ‘शैक्षणिक तंत्रविज्ञान’ या विषयाचा अभ्यास केलेल्या महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षकांना एडगर डेल यांचा अनुभव-शंकू परिचित असतो. तळाशी प्रत्यक्ष अनुभव आणि टोकाशी शाब्दिक प्रतीके अशी त्याची रचना फळ्यावर काढून दाखविली जाते, परीक्षेत विचारली जाते आणि पाठ नियोजनात आधार म्हणून दिली जाते. परंतु डेल ज्या व्यावसायिक संघटनेचे १९३० च्या दशकात अध्यक्ष होते, त्या संघटनेचे नाव मात्र आपल्याकडील फारच थोड्या प्राध्यापकांना ठाऊक असते. ‘असोसिएशन फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन्स अँड टेक्नॉलॉजी’ म्हणजेच ‘ए.ई.सी.टी.’ हे तिचे आजचे नाव. अमेरिकेत १९२३ साली स्थापन झालेल्या या संघटनेने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली.

मराठीत ‘व्यवसाय’ हा एकच शब्द वैद्यकासाठीही वापरला जातो आणि किराणा दुकानासाठीही. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. ज्यात ज्ञान, प्रशिक्षण आणि आचारसंहिता अनिवार्य असते तो पेशा. ज्यात मागणी आणि पुरवठा एवढेच पाहिले जाते ती बाजारपेठ. शैक्षणिक तंत्रविज्ञान यांपैकी नेमके काय आहे, हा प्रश्न आज प्रत्येक महाविद्यालयाच्या दाराशी येऊन ठेपला आहे. ए.ई.सी.टी.ने हे क्षेत्र पेशा व्हावे यासाठी शतकभर प्रयत्न केले. त्या प्रयत्नांचे यशापयश तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संघटनेची वाटचाल :

संघटनेचा जन्म स्वतंत्र संस्था म्हणून झाला नाही. अमेरिकेतील ‘नॅशनल एज्युकेशन असोसिएशन’ या शिक्षक संघटनेचा ‘दृश्य अध्यापन विभाग’ म्हणून १९२३ मध्ये तिची सुरुवात झाली. तो काळ मूकपटांचा आणि काचेच्या चित्रपट्ट्यांचा होता. चित्रपटामुळे शाळेतील पुस्तके कालबाह्य होतील असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्येच केले होते. पुस्तके कालबाह्य झाली नाहीत. परंतु यंत्र आले की शिक्षण बदलेल, ही श्रद्धा मात्र रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी चित्रपटांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. त्यानंतर १९४७ मध्ये विभागाचे नाव ‘दृक्श्राव्य अध्यापन विभाग’ असे झाले. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने अमेरिकी शाळांत शैक्षणिक उपकरणांसाठी शासकीय निधी आणला. १९७० च्या दशकाच्या आरंभी संघटनेने आजचे नाव धारण केले आणि मातृसंस्थेपासून ती वेगळी झाली. नावांचा हा क्रम बोलका आहे. आधी ‘दृश्य’, मग ‘दृक्श्राव्य’ आणि अखेरीस ‘संप्रेषण व तंत्रविज्ञान’. उपकरणाकडून प्रक्रियेकडे झालेला हा प्रवास होय.

फिन यांच्या सहा कसोट्या :

या प्रवासाला वैचारिक दिशा देण्यात जेम्स फिन यांचा वाटा मोठा आहे. पुढे संघटनेचे अध्यक्ष झालेल्या फिन यांनी १९५३ मध्ये, विभागाच्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्याच अंकात, दृक्श्राव्य क्षेत्राला ‘पेशा’ म्हणता येईल काय, असा प्रश्न उपस्थित केला. त्यासाठी त्यांनी सहा कसोट्या मांडल्या : बौद्धिक स्वरूपाचे तंत्र, त्या तंत्राचे व्यवहारातील उपयोजन, प्रवेशापूर्वीचे दीर्घ प्रशिक्षण, परस्परांशी उच्च दर्जाचा संवाद असणारी सदस्यांची संघटना, प्रत्यक्ष अंमलात येणारी मानके व आचारसंहिता आणि संशोधनाने सतत विस्तारणारा सैद्धांतिक पाया. पहिल्या दोन कसोट्यांवर हे क्षेत्र उतरते, इतर कसोट्यांवर ते कमी पडते आणि सर्वांत मोठी उणीव सिद्धांताची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

संघटनेच्या व्यासपीठावरून संघटनेलाच ‘तुम्ही अद्याप पेशा नाही’ असे सांगणे हे धाडसाचे होते. स्वतःच्या सदस्यांची स्तुती करणाऱ्या संघटना पुष्कळ असतात. स्वतःची परीक्षा छापणाऱ्या थोड्या. म्हणूनच संघटनेचे मूल्यमापन करताना बाहेरची मोजपट्टी आणण्याची गरज नाही. तिच्याच एका धुरीणाने दिलेल्या कसोट्या पुरेशा आहेत.

व्याख्यांचा इतिहास :

संघटनेचे सर्वांत ठळक कार्य म्हणजे क्षेत्राची व्याख्या करणे आणि ती पुनःपुन्हा तपासणे. १९६३ मध्ये डोनाल्ड एली यांच्या पुढाकाराने पहिली औपचारिक व्याख्या सिद्ध झाली. अध्ययन प्रक्रियेचे नियंत्रण करणाऱ्या संदेशांची रचना व वापर हा तिचा गाभा होता. १९७७ च्या व्याख्येत माणसे, कार्यपद्धती, कल्पना, साधने आणि संघटन यांचा समावेश असलेली एक संमिश्र प्रक्रिया म्हणून क्षेत्राकडे पाहिले गेले. १९९४ मध्ये बार्बरा सील्स आणि रिटा रिची यांनी अभिकल्प, विकसन, उपयोजन, व्यवस्थापन व मूल्यमापन अशी पाच क्षेत्रे निश्चित केली. २००८ च्या व्याख्येने अध्ययन सुलभ करणे आणि कार्यक्षमता उंचावणे यांसाठीच्या अभ्यासाबरोबर ‘नैतिक व्यवहार’ हा शब्दप्रयोग व्याख्येच्या केंद्रस्थानी आणला.

या व्याख्या शेजारीशेजारी ठेवल्या असता क्रियापदांतील बदल लक्षात येतो. १९६३ मध्ये अध्ययनाचे ‘नियंत्रण’ करायचे होते, २००८ मध्ये ते ‘सुलभ’ करायचे आहे. वर्तनवादाच्या प्रभावातून बाहेर पडून विद्यार्थ्याला ज्ञानाचा रचयिता मानण्यापर्यंतचे स्थित्यंतर या एका शब्दबदलात सामावलेले आहे. दुसरा बदल इतका सुखावह नाही. १९९४ च्या व्याख्येत ठळकपणे असलेला ‘मूल्यमापन’ हा शब्द २००८ च्या व्याख्येत दिसत नाही. तेथे निर्मिती, वापर आणि व्यवस्थापन एवढ्याच क्रिया उरतात. ‘योग्य’ या विशेषणात मूल्यमापन अध्याहृत आहे, असे समर्थन करता येईल. तथापि, साधनांचा बाजार वेगाने विस्तारत असलेल्या काळात त्यांची पारख करण्याचे कर्तव्य अध्याहृत ठेवणे ही किरकोळ बाब नव्हे. २०२३ च्या व्याख्येत हा शब्द परत आला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु शब्द परत येणे आणि व्यवहार बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वादाला दिलेली जागा :

फिन यांच्या चौथ्या आणि सहाव्या कसोटीवर संघटनेची कामगिरी खरोखर उजवी आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे रिचर्ड क्लार्क आणि रॉबर्ट कोझ्मा यांच्यातील वाद. माध्यमामुळे अध्ययनात फरक पडत नाही, फरक पडतो तो अध्यापन पद्धतीमुळे, असे प्रतिपादन क्लार्क यांनी १९८३ मध्ये केले. किराणा माल आणणाऱ्या वाहनामुळे अन्नाचे पोषणमूल्य बदलत नाही, तसेच माध्यमाचे आहे, असा त्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. माध्यमाची अंगभूत सामर्थ्ये आणि पद्धती यांना असे वेगळे करता येत नाही, असे उत्तर कोझ्मा यांनी दिले. १९९४ मध्ये हा वाद संघटनेच्या ‘एज्युकेशनल टेक्नॉलॉजी रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ या पत्रिकेतच सविस्तर झाला.

ज्या क्षेत्राचे अस्तित्वच माध्यमांवर उभे आहे असे मानले जाते, त्याच क्षेत्राच्या पत्रिकेने माध्यमांच्या प्रभावाविषयी मूलभूत शंका घेणारा लेख छापावा, हे बौद्धिक प्रामाणिकपणाचे लक्षण होय. वाद निकाली निघाला नाही. मात्र त्यामुळे ‘कोणते यंत्र चांगले?’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणत्या विद्यार्थ्याला, कोणत्या आशयासाठी, कोणत्या पद्धतीने?’ हा प्रश्न पुढे आला. फिन यांना ज्या सिद्धांताची उणीव जाणवली होती, ती काही अंशी अशी भरून निघाली. तिसऱ्या कसोटीबाबतही प्रगती झाली. अमेरिकी विद्यापीठांत पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रम रुजले आणि संघटनेने अशा अभ्यासक्रमांसाठी मानके तयार केली. २०१२ ची मानके हे त्याचे अलीकडचे उदाहरण आहे.

पाचवी कसोटी :

खरी अडचण आहे ती पाचव्या कसोटीची. संघटनेची आचारसंहिता व्यक्ती, समाज आणि पेशा यांच्याप्रती असलेल्या बांधिलकीच्या तीन विभागांत मांडलेली आहे. साहित्याची निवड व मूल्यमापन व्यावसायिक पद्धतीने करावे, पदाचा खासगी लाभासाठी उपयोग करू नये, निर्णयावर परिणाम होईल अशा भेटी वा सवलती स्वीकारू नयेत, अशी स्पष्ट कलमे तीत आहेत. संहितेत खोट काढावी असे फारसे काही नाही. प्रश्न तिच्या अधिकारकक्षेचा आहे. वैद्यकाला किंवा वकिलाला परवान्याशिवाय काम करता येत नाही. शैक्षणिक तंत्रविज्ञानात असा परवाना नाही. संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे आणि सदस्य नसलेल्यावर संहितेचा अधिकार चालत नाही. शाळांना उपकरणे व आज्ञावली विकणारा उद्योग तर या कक्षेच्या संपूर्ण बाहेर उभा आहे.

याचा परिणाम काय झाला, हे संघटनेच्या शताब्दी वर्षातच समोर आले. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण निरीक्षण अहवालात अमेरिकेतील १७ राज्यांच्या एका सर्वेक्षणाचा उल्लेख आहे. शैक्षणिक साधन स्वीकारण्यापूर्वी समीक्षित संशोधनाचा पुरावा मागणारे शिक्षक व प्रशासक त्यात केवळ ११ टक्के आढळले. ब्रिटनमधील शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्के कंपन्यांनी यादृच्छिक नियंत्रित चाचण्या केल्या होत्या, असेही हा अहवाल नोंदवितो. त्याआधी २०२२ मध्ये ‘ह्युमन राइट्स वॉच’ने ४९ देशांत कोरोनाकाळात वापरल्या गेलेल्या ऑनलाईन शिक्षणसाधनांची तपासणी केली. त्यांपैकी ८९ टक्के साधनांच्या माहिती-व्यवहारांमुळे मुलांचे हक्क धोक्यात आल्याचे किंवा त्यांचे उल्लंघन झाल्याचे तिला दिसून आले.

या स्थितीसाठी ए.ई.सी.टी.ला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. काही हजार अभ्यासकांची संघटना जागतिक बाजारपेठ रोखू शकत नाही. परंतु तिचे संशोधन तिच्याच देशातील खरेदी करणाऱ्या शिक्षकापर्यंत आणि प्रशासकापर्यंत पोहोचले नाही, ही मर्यादा मान्य करावीच लागते. संघटनेने आपापसांत उत्तम संवाद साधला. आपल्या बाहेरच्यांशी तितका साधला नाही. क्लार्क आणि कोझ्मा यांचा वाद पत्रिकेच्या पानांत राहिला आणि वर्गात यंत्रे येत राहिली.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

पत्रिका आणि वर्ग यांतील हे अंतर आपल्याकडे अधिकच रुंदावते. प्रारंभी उल्लेखिलेला डेल यांचा शंकू त्याची साक्ष देतो. वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते अशी आकडेवारी या शंकूसोबत अनेकदा शिकविली जाते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेल यांच्या मूळ शंकूत अशी कोणतीही टक्केवारी नव्हती. शंकूचा अर्थ शब्दशः घेऊ नये, असेही त्यांनी बजावले होते. दशकांच्या पटीतील असे नीटनेटके आकडे कोणत्या प्रयोगातून येतील, असा साधा प्रश्न भावी शिक्षकाच्या मनात निर्माण करणे हे शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या अध्यापनाचे पहिले उद्दिष्ट असावयास हवे. प्रत्यक्षात ती आकडेवारीच पाठ केली जाते.

भारतात या क्षेत्राची उभारणी प्रामुख्याने शासनाने केली. १९७५-७६ चा उपग्रह दूरदर्शन प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला, १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाले, २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले. या उपक्रमांचे मोल निर्विवाद आहे. परंतु शासनाने उभारलेली संस्था शासनाच्या निर्णयाने बंदही होते. पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. याउलट ए.ई.सी.टी. मातृसंस्थेपासून विलग होऊनही टिकली, कारण तिचा आधार अनुदान नव्हे तर सदस्य होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ‘राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचा’ची कल्पना मांडलेली आहे. विचारांची देवाणघेवाण करण्यास असा मंच उपयुक्तच ठरेल. मात्र धोरणाने निर्माण केलेला मंच आणि स्वतःवर आचारसंहिता लादून घेणारी सदस्यांची संघटना या एकच गोष्टी नव्हेत. पहिली वरून येते, दुसरी आतून उभी राहावी लागते.

समारोप :

फिन यांच्या कसोट्यांवर पाहता ए.ई.सी.टी.ने शतकभरात सिद्धांत, संवाद आणि प्रशिक्षण या बाबतींत लक्षणीय मजल मारली. अंमलात येणाऱ्या आचारसंहितेच्या कसोटीवर मात्र ती अद्याप उंबरठ्यावर आहे. या अनुभवातून महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाने घ्यावयाचा बोध नव्या संघटनेची नोंदणी करण्यापुरता मर्यादित नाही. परवाना नसलेल्या क्षेत्रात आचारसंहिता अंमलात येते ती खरेदी समितीच्या बैठकीत. नवा डिजिटल फलक, नवी आज्ञावली किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले नवे साधन समोर ठेवले जाते तेव्हा किमतीच्या तुलनात्मक तक्त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले जावयास हवेत : याचा अध्ययनावरील परिणाम कोणी व कसा तपासला? विद्यार्थ्यांची माहिती कोठे जाते? आणि हेच उद्दिष्ट उपलब्ध साधनांनी साध्य होणार नाही काय?

हे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राध्यापकाला कोणत्याही परवान्यावाचून आजच आहे. तो वापरला जाईल तेथे शैक्षणिक तंत्रविज्ञान हा पेशा ठरेल. वापरला जाणार नाही तेथे महाविद्यालय हे केवळ एक ग्राहक उरेल.