खोक्यावरचा आकडा

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे आणि चित्रपटाचे होते. व्हिडिओ गेमच्या खोक्याचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. वास्तविक आपल्या वर्गातील मुले जो छापील मजकूर सर्वांत लक्ष देऊन आणि सर्वांत विश्वासाने वाचतात, त्यात या खोक्याचा क्रमांक बराच वर लागेल. म्हणून या लेखात आम्ही तेच परीक्षणासाठी घेतले आहे.

अनसिंगला आमच्यासमोर टेबलावर अशी दोन खोकी आहेत. एक आमच्यापैकी एकाच्या घरी माळ्यावर पडून होते. ते नव्वदच्या दशकातले, टीव्हीला जोडायच्या गेमचे. दुसरे सातवीतल्या एका विद्यार्थ्याने आणले. साठवलेल्या पैशांतून त्याने दिवाळीत हातात मावणारा गेम घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'चारशे खेळ'. काही दिवसांनी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पुढचे गेम आधीचेच निघतात. माह्याच मशीनमंदी काई बिघाड असन."

या वाक्याने आम्हाला विचारात पाडले. मुलाने मोजले होते, आणि त्याची मोजणी बरोबर होती. तरीही छापलेला आकडा खोटा असू शकेल, ही शंका त्याला शिवली नाही. दोष त्याने आपल्या यंत्राकडे घेतला.

चित्र आणि पडदा

जुन्या खोक्यावर ज्वाळांतून झेपावणारी मोटार आहे, पिळदार दंडांचा सैनिक आहे. यंत्र सुरू केले की पडद्यावर येतो तो सोळा-बत्तीस ठिपक्यांत बसवलेला एक माणूस. चित्र आणि खेळ यांतील हे अंतर या धंद्याइतकेच जुने आहे. अमेरिकेतील अटारी कंपनीचा घरगुती संच १९७७ साली बाजारात आला. त्याच्या खेळांच्या वेष्टनांवर कुशल चित्रकारांनी रंगवलेली देखणी चित्रे असत. १९८० च्या 'ॲडव्हेंचर' या खेळाच्या वेष्टनावर किल्ला आणि ड्रॅगन होता. पडद्यावर मात्र खेळाडू म्हणजे एक चौकोन, आणि ड्रॅगन बराचसा बदकासारखा दिसे.

यात फसवणूक किती आणि कल्पनेला दिलेले आमंत्रण किती, यावर वाद होऊ शकतो. त्या काळी पडद्यावर याहून अधिक दाखवणे शक्यच नव्हते, आणि चित्र पाहिलेले मूल त्या चौकोनात योद्धा पाहत असे. याच वेष्टनातली दुसरी उणीव आम्हाला अधिक खटकते. खेळ रचणाऱ्याचे नाव त्यावर नसे. 'ॲडव्हेंचर' रचणाऱ्या वॉरन रॉबिनेट यांनी म्हणून आपले नाव खेळातीलच एका गुप्त खोलीत लपवून ठेवले. अटारीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रामरनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि रचनाकारांना श्रेय देण्याची प्रथा पाडली.

सचोटीचे उदाहरणही आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. निकृष्ट खेळांची गर्दी झाली होती आणि ग्राहकांचा विश्वास उडाला होता. निन्टेन्डोने १९८५ मध्ये तेथे आपला संच आणला, तेव्हा सुरुवातीच्या काळ्या वेष्टनांवर पडद्यावरचीच ठिपक्यांची चित्रे मोठी करून छापली. जे दिसेल ते असे दिसेल, एवढेच ते वेष्टन सांगत होते. ते विकले गेले नाही असे मुळीच नाही.

बिटांचा बाजार

जुन्या खोक्यावर दुसरा दावा आहे तो '१६ बिट' असा. आतील यंत्रणा मात्र निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या जपानी 'फॅमिली कॉम्प्युटर'ची नक्कल, म्हणजे ८ बिटांची. मुळात बिट म्हणजे काय? ८ बिटांचा प्रोसेसर एका वेळी ० ते २५५ यांमधील संख्या हाताळतो, १६ बिटांचा ० ते ६५,५३५. मोठी संख्या आली तर ८ बिटांचा प्रोसेसर ती तुकड्यातुकड्याने हाताळतो. शेतातून तूर आणणाऱ्या गाडीत एका खेपेला आठ पोती मावतात की सोळा, असाच काहीसा हा प्रश्न आहे. गाडी मोठी असेल तर खेपा कमी होतील. पोत्यातली तूर त्यामुळे टपोरी होणार नाही.

जाहिरातींनी मात्र बिटांनाच तुरीचा दर्जा ठरवले. एनईसी कंपनीचा एक संच १९८९ मध्ये अमेरिकेत आला तो 'टर्बोग्राफिक्स-१६' या नावाने. त्याचा चित्रे काढणारा भाग १६ बिटांचा होता, पण मुख्य प्रोसेसर ८ बिटांचाच. सेगाच्या अमेरिकी जाहिरातींत 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा भारदस्त शब्द आला. त्याचा नेमका अर्थ ग्राहकाला कळावा अशी अपेक्षाच नव्हती. १९९३ मध्ये अटारीने 'जॅग्वार' हा संच '६४ बिट' म्हणून विकला आणि जाहिरातीत ग्राहकांना गणित करण्याचे आवाहन केले. त्या संचात वेगवेगळ्या बिटांच्या अनेक चिप होत्या. ६४ हा आकडा कोणत्या भागाचा धरायचा, यावर वाद झाला.

हे सारे जुने झाले असे समजू नये. सोनीचा 'प्लेस्टेशन ५' नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा खोक्यावर '८के' अशी खूण होती. ८के म्हणजे ७,६८० गुणिले ४,३२०, अर्थात सुमारे ३ कोटी ३२ लाख ठिपक्यांचे चित्र. संच आला त्या वेळी त्यातून तसे चित्र पडद्यावर मिळत नव्हते. २०२४ मध्ये नव्या खोक्यांवरून ती खूण गेल्याचे ग्राहकांच्या लक्षात आले. म्हणजे मोठी कंपनी काय आणि नक्कल करणारा अनाम कारखाना काय, आकडा वापरण्याची तऱ्हा फारशी वेगळी नाही.

एक कोटीला एक कमी

जुन्या संचासोबत एक कार्ट्रिज आहे. मुले तिला कॅसेट म्हणत. तिच्यावर लिहिले आहे, 'एकात ९९,९९,९९९ खेळ'. म्हणजे एक कोटीला फक्त एक कमी. आम्ही हा आकडा वर्गात फळ्यावर लिहिला आणि मुलांना गणिते घातली. प्रत्येक खेळ एकच मिनिट खेळला तर किती दिवस लागतील? उत्तर आले सुमारे ६,९४४ दिवस, म्हणजे न झोपता, न जेवता एकोणीस वर्षे. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटचा आहे. सर्व खेळ तेवढेच धरले तर जागा किती लागेल? सुमारे ४०० गिगाबाइट. त्या काळी एवढी स्मृती घरगुती संगणकातही नसे, मग तळहाताएवढ्या कॅसेटमध्ये कोठून येणार?

एका मुलीने वेगळेच निरीक्षण मांडले. मोजून आलेली संख्या सगळी नऊ-नऊ कशी असेल? मुलीचे म्हणणे अगदी बरोबर होते. सात घरांत बसणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. खेळ मोजून हा आकडा आलेला नाही. जागा भरून काढण्यासाठी तो छापलेला आहे.

मग पडद्यावरच्या यादीत इतकी नावे येतात कशी? त्यातली युक्ती सोपी आहे. आत मूळ खेळ मोजकेच असतात. यादीतील प्रत्येक नावासोबत सुरुवातीच्या काही किमती ठेवलेल्या असतात, उदाहरणार्थ कितव्या टप्प्यापासून सुरुवात करायची, किती जीव द्यायचे. नाव बदलते, किमती बदलतात, खेळ तोच राहतो. 'चारशे खेळां'च्या यंत्रातही पुढच्या पानांवर जुनेच खेळ नवी नावे घेऊन आले होते. यंत्रात बिघाड नव्हता, हे विद्यार्थ्याला तेव्हा पटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते आणि थोडा रागही होता. तो राग आम्हाला मोलाचा वाटला.

जे छापायला हवे होते

खेळ वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. उलट या खोक्यांविषयीची आमची मुख्य तक्रारच ही आहे, की खरोखर अभिमानाची गोष्ट त्यांवर कोठेच नाही. 'सुपर मारिओ'चे बत्तीस टप्पे, संगीत आणि चित्रे हे सर्व ४० किलोबाइटमध्ये बसवले आहे. मोबाइलने काढलेला एक साधा फोटो याच्या पन्नासपट जागा सहज घेतो. फॅमिली कॉम्प्युटरची काम करण्याची स्मृती होती केवळ २ किलोबाइट. जागा वाचवण्यासाठी शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांना एकच आकृती वापरली. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. खेळणाऱ्या लाखो मुलांना वर्षानुवर्षे ते कळले नाही. काटकसरीतून साधलेली ही कारागिरी विज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगी आहे. परवानगीवाचून केलेल्या नकलेच्या खोक्यावर मात्र रचनाकाराचे नाव येत नाही, येतो तो फुगवलेला आकडा.

बियाण्याची पिशवी

आमच्या भागातील मुले आणखी एक छापील वेष्टन रोज पाहतात. ते म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी. १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे तिच्यावर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक आणि तपासणीची तारीख असते. सोयाबीनसाठी उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. हा आकडा शेतकरी घरी तपासून पाहू शकतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे, गोणपाट गुंडाळायचे, ओल राखायची आणि आठवड्याच्या आत कोंब मोजायचे. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. आपल्याच जमिनीत दोष असेल असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. हातात एक आकडा होता आणि तो ताडून पाहण्याची रीत होती.

खेळाच्या खोक्यालाही नियम आहेत. २०११ च्या नियमांनुसार बंद वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. आमच्यासमोरच्या नव्या खोक्यावर यांपैकी फक्त किंमत आहे. वस्तूचे गुण फुगवून मुलांच्या मनात अवास्तव अपेक्षा निर्माण करणाऱ्या जाहिराती २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांना मान्य नाहीत. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पण तक्रार करण्यासाठी आधी शंका यावी लागते, आणि शंका घ्यायला शिकवणे हे आपले काम आहे.

आम्ही विज्ञान शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो, की संख्या म्हणजे कोणीतरी केलेली मोजणी. ती पुन्हा करता येते, चूक असेल तर दाखवता येते. खेळाचे खोके त्याच मुलांना शिकवते, की संख्या ही झालर आहे, जितकी लांब तितकी शोभा. दोन्ही शिकवण्या एकाच डोक्यात जातात. आज खेळाच्या खोक्यावरचा आकडा निमूट मानणारे मूल उद्या औषधाच्या बाटलीवरचा किंवा कर्जाच्या कागदावरचा आकडाही तसाच मानेल, ही आमची खरी काळजी आहे.

शिक्षकांनी एक तास यासाठी काढावा. मुलांना घरातली रिकामी वेष्टने आणायला सांगावी: गेमची, खेळण्यांची, बिस्किटांची, बियाण्याची. प्रत्येक आकड्याखाली मुलांनी तीनपैकी एक शेरा लिहावा: मोजलेला, मोजून पाहता येण्याजोगा, नुसता छापलेला. दुसऱ्या गटातले आकडे मग खरोखर मोजावेत. आमच्या वर्गात 'चारशे खेळां'च्या खोक्यावर तो शेरा त्याच्या मालकानेच लिहिला, आणि शेजारी पेन्सिलीने आपण मोजलेला आकडाही मांडला.