उलगड्यानंतरचे घर : तीन कादंबऱ्या, तीन वास्तू

गेल्या वर्षभरात भय, रहस्य आणि अद्भुत या तीन प्रकारांतल्या बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या. त्यांतल्या तीन मनातून जाईनात. पहिली, अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९). दुसरी, जपानी लेखक सेइशी योकोमिझो यांची ‘द होन्जिन मर्डर्स’. ती १९४६ साली मासिकातून क्रमशः आली आणि इंग्रजीत यायला २०१९ साल उजाडावे लागले. तिसरी, ब्रिटिश लेखिका सुझाना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०). पहिली भयकादंबरी, दुसरी रहस्यकादंबरी, तिसरी अद्भुताची. देश वेगळे, काळ वेगळा. पण तिन्हींच्या मध्यभागी एक घर आहे आणि तिन्ही घरे काहीतरी लपवून आहेत. ते उघड झाल्यावर मागे काय उरते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी तिन्हींचे शेवट सांगणे भाग आहे. ज्यांना ते आधी कळायला नको असतील, त्यांनी कादंबऱ्या वाचून मग इकडे वळावे.

मराठी वाचकाला हे प्रकार नवे नाहीत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, नारायण धारपांचे समर्थ, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, ‘नवल’ आणि ‘धनंजय’चे दिवाळी अंक यांवर पिढ्या पोसल्या. समीक्षेने मात्र या सगळ्यांना ‘रंजनप्रधान’ म्हणून एकाच खणात कोंबले. वाचनालयाच्या काउंटरवर उभा असलेला वाचक ‘आज भुताचे द्या’ आणि ‘आज खुनाचे द्या’ यांत चोख फरक करतो. तो फरक नेमका कशात आहे, हे पाहण्याचे कष्ट अभ्यासकांनी फारसे घेतले नाहीत.

रस आणि व्यभिचारी भाव

मला या बाबतीत भरताच्या नाट्यशास्त्राची मदत झाली. भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानक आहे आणि अद्भुतही आहे. त्यांचे स्थायीभाव अनुक्रमे भय आणि विस्मय. रहस्याला मात्र स्वतंत्र रस नाही. रहस्यकथा ज्या भावनेवर चालते ते औत्सुक्य तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत सापडते. व्यभिचारी म्हणजे येणारा-जाणारा, स्थायीला साथ देणारा. भरतासमोर कादंबरी नव्हती, हे उघड आहे. तरी या वर्गवारीतून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. उत्सुकता उत्तर मिळाले की संपते, भय आणि विस्मय उत्तराने संपतातच असे नाही. म्हणून रहस्यकादंबरीपुढची अडचण सर्वांत मोठी असते. तिला वाचकाचा हिशेब चुकता करावाच लागतो आणि चुकता केल्यावर तिच्यापाशी काही उरेल याची खात्री नसते.

होन्जिन : हिशेब चुकता, बाकी शिल्लक

होन्जिन म्हणजे एदो काळात सरदारांच्या मुक्कामासाठी मान्यता असलेले घर. कादंबरी घडते १९३७ साली, ओकायामा प्रांतातल्या एका खेड्यात. सरदार केव्हाच गेले आहेत, पण इचियानागी कुटुंबाला आपण होन्जिनवाले असल्याचा ताठा आहे. वतने गेली तरी वाड्यातल्या माणसांचा आवाज खाली येत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. या घरातला चाळिशीचा विद्वान मुलगा केन्झो घरच्यांचा विरोध मोडून कात्सुको या शिक्षिकेशी लग्न करतो. तिचे घराणे पूर्वी कुळांचे. लग्नाच्या रात्री कोतो या तंतुवाद्याचा विचित्र आवाज येतो आणि नवरा-नवरी दोघेही रक्तात पडलेली सापडतात. बाहेर बर्फ पडलेले, त्यावर पाऊलखूण नाही आणि तलवार बागेत रोवलेली.

किंदाइची कोसुके हा विस्कटलेल्या केसांचा, अडखळत बोलणारा तरुण गुप्तहेर या कादंबरीत पहिल्यांदा अवतरतो आणि कोडे सोडवतो. खुनी बाहेरून आलेलाच नव्हता. केन्झोने बायकोला मारले, मग स्वतःला संपवले, आणि कोतोच्या तारा व पाणचक्की यांच्या साहाय्याने तलवार बाहेर खेचली जाईल अशी योजना आधीच करून ठेवली. आपला आधी एका पुरुषाशी संबंध होता, हे कात्सुकोने लग्नापूर्वी प्रामाणिकपणे सांगितले होते. ते केन्झोला सोसवेना. आणि ज्या नातलगांशी भांडून लग्न ठरवले, त्यांच्यापुढे ते मोडणेही सोसवेना.

यंत्ररचनेबद्दल माझे मत फार चांगले नाही. दोऱ्या, तारा, चक्की हे सगळे जुळते, पण कागदावर आकृती काढल्याखेरीज ध्यानात राहत नाही. धाकटा भाऊ साबुरो रहस्यकथांचा शौकीन असून तोच ही योजना अधिक ‘वाचनीय’ करतो, ही युक्ती मात्र फार चलाख आहे. रहस्यकथेने स्वतःच्याच वाचकावर घेतलेला तो संशय आहे. पण कादंबरी लक्षात राहते ती तारांमुळे नाही. पाऊलखूण का नाही, हे कळल्यावर औत्सुक्य संपते; खरे बोलली म्हणून एक बाई मेली, ही गोष्ट संपत नाही. खेदाची बाब अशी, की योकोमिझो यांनी यंत्राला जेवढी पाने दिली त्याच्या निम्मीही कात्सुकोला दिली नाहीत. ती बहुतेक इतरांच्या बोलण्यातूनच भेटते. घराण्याच्या अब्रूपायी मुलींचे जीव घेतल्याच्या बातम्या आपणही वाचतो. त्या बातम्यांतही ‘कसे मारले’ याचा तपशील भरपूर असतो आणि मुलगी दोन ओळींत आटोपते.

हिल हाउस : दगड कोणी मारले?

जॅक्सन यांनी याच्या नेमके उलट केले. हिल हाउसमधली दारे आपोआप बंद होतात. त्याचे कारण डॉ. माँटेग्यू लवकरच सांगून टाकतात : घर बांधणाऱ्या ह्यू क्रेनने एकही कोन काटकोनात ठेवलेला नाही, सगळे किंचित तिरके आहे. म्हणजे स्पष्टीकरण आधीच हातात येते आणि त्याने भीती तसूभरही कमी होत नाही.

नायिका एलिनॉर बत्तीस वर्षांची. अकरा वर्षे तिने अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा केली. आई गेल्यावर ती बहिणीच्या घरी, भाचीच्या खोलीत खाटेवर झोपते. मोटारीत अर्धा वाटा तिचा. पण बहीण आणि मेहुणा ती देत नाहीत म्हणून ती गुपचूप घेऊन निघते. लहानपणी, वडील वारल्यानंतर महिन्याभरात, तिच्या घरावर तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता. म्हणूनच डॉक्टरांनी तिला या प्रयोगासाठी बोलावले आहे.

मराठी वाचक येथे थबकतो, कारण या प्रकाराला आपल्याकडे नाव आहे : भानामती. घरावर दगड पडणे, कपडे पेटणे, हे सारे आपल्या खेड्यापाड्यांतून घडत आले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरांत गेले. त्यांचा अनुभव असा, की यामागे भूत नसते, माणसाचा हात असतो. बहुधा घरातल्याच, कोंडमारा सोसणाऱ्या कोणाचा तरी.

चळवळीतले एक ज्येष्ठ स्नेही मला नेहमी विचारतात, ‘इतकी वर्षे आमच्यात वावरता आणि भुताच्या कादंबऱ्या कशा वाचता?’ प्रश्न रास्त आहे. भयकथेने अंधश्रद्धेला खतपाणी घातल्याची उदाहरणे कमी नाहीत. हिल हाउसपुरते माझे उत्तर असे : दगड एलिनॉरनेच मारले, दारांवरचे ठोके तिच्याच मनातले, असे मानून ही कादंबरी पुन्हा वाचावी. ती जास्तच भयंकर होते. भानामतीच्या घरी जाणारा जाणता कार्यकर्तासुद्धा ‘कोणी केले’ एवढ्यावर थांबत नाही. ‘तिला हे का करावे लागले’ इथवर तो जातो. जॅक्सन तिथूनच सुरुवात करतात. भिंतीवर एलिनॉरचे नाव घालून तिला घरी बोलावणारा मजकूर उमटतो, तेव्हा इतर घाबरतात. तीही घाबरते, पण आजवर तिला कोणी नावाने बोलावलेच नव्हते. शेवटी बाकीचे तिला ‘तुझ्या घरी जा’ म्हणून निरोप देतात. तिला घर नाही. फाटकापर्यंत पोहोचण्याआधीच ती मोटार झाडावर घालते.

धारपांचे समर्थ आले की वाचकाला धीर येतो. दुष्ट शक्तीचा बंदोबस्त होतो, हिशेब मिटतो. त्या अर्थी समर्थकथा भयकथेपेक्षा रहस्यकथेच्या जवळच्या. तो आनंद मी खूप घेतला आहे आणि आजही घेतो. हिल हाउसमध्ये मात्र कोणी समर्थ येत नाही. येते ती डॉक्टरांची पत्नी, प्लँचेट घेऊन, आणि ती हास्यास्पद आहे.

पिरानेसी : उत्तराची किंमत

क्लार्क यांची पहिली कादंबरी २००४ साली आली, दुसरी सोळा वर्षांनी. मधल्या काळात दीर्घ आजाराने त्या बऱ्याच अंशी घरात अडकून होत्या. ‘पिरानेसी’चे जग म्हणजे एक अमर्याद घर : पुतळ्यांनी भरलेली दालनामागून दालने, खाली समुद्राच्या भरती-ओहोटी, वर ढग. शीर्षकातले नाव अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचे. काल्पनिक तुरुंगांच्या चित्रमालेसाठी तो प्रसिद्ध आहे. निवेदक या घरात मासे धरतो, रोजनिशी लिहितो, तिथल्या तेरा मृतांच्या अस्थींना अन्नपाणी नेऊन ठेवतो. घर आपला सांभाळ करते, अशी त्याची श्रद्धा आहे.

तो तुरुंगात आहे, हे आपल्याला त्याच्या आधी कळते. त्याचे खरे नाव मॅथ्यू. त्याला फसवून आणून इथे ठेवले गेले आणि स्मृती गेली. पोलीस अधिकारी सारा राफेल त्याचा शोध घेते, तो बाहेर येतो, आई-वडिलांना भेटतो. रहस्यकथा असती तर इथे संपली असती. पण परतलेला माणूस मॅथ्यू नसतो आणि पिरानेसीही उरत नाही. तो शहरातल्या गर्दीत चालतो आणि माणसांच्या चेहऱ्यांत त्याला घरातले पुतळे दिसतात. या कादंबरीतले खलनायक उथळ आहेत आणि तपासाचा भाग घाईने उरकला आहे, हे दोष मान्य. पण उत्तर मिळण्याचीही किंमत असते आणि सुटका झालेल्यालाच ती मोजावी लागते, हे इतक्या शांतपणे सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

या तिन्ही प्रकारांचे परीक्षण करताना आपण विचारतो : खुनी आधी ओळखता आला का? भीती वाटली का? कल्पना नवी आहे का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची उत्तरे पहिल्या वाचनातच संपतात. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा : उलगडा झाल्यावर माणसाला किती जागा उरली? या कसोटीवर हिल हाउस पहिली, पिरानेसी दुसरी आणि होन्जिन तिसरी, असा माझा क्रम लागतो. होन्जिनचे कोडे तिघांत सर्वांत पक्के असूनही ती तिसरी, कारण कात्सुको. आपल्या जुन्या दिवाळी अंकांतल्या वाड्यांच्या, विहिरींच्या, बंद खोल्यांच्या शेकडो कथांना हाच प्रश्न विचारून पाहायला हवा. त्या बंद खोल्यांत कोणाला ठेवले होते, याची नोंद मी आता करू लागलो आहे. यादी लांबत चालली आहे आणि तीत बायका फार आहेत.