हर्नचा उत्तर-समुद्र : अक्षांश आणि आख्यान

हडसन बे कंपनीचा नोकर सॅम्युएल हर्न याचे प्रवासवृत्त लंडन येथे १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या तीन वर्षे आधी ग्रंथकर्ता निवर्तला होता. हडसन उपसागराच्या पश्चिम तीरावरील प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यापासून पायी निघून कॉपरमाइन नदीच्या मुखाशी उत्तर-समुद्र पाहणारा हा पहिला युरोपीय होय. कंपनीचा धंदा फरच्या कातड्यांचा. परंतु किल्ल्यावर कातडी घेऊन येणारे लोक उत्तरेकडील तांब्याचे तुकडेही आणीत, आणि त्या तांब्याच्या लोभाने किल्ल्याचा प्रमुख मोझेस नॉर्टन याने हर्नला धाडले. दोन प्रयत्न फसल्यावर ७ डिसेंबर १७७० रोजी तो तिसऱ्यांदा निघाला व ३० जून १७७२ रोजी परतला. तांब्याचा म्हणावा असा एकच गोळा हाती लागला, सुमारे चार पौंडांचा.

या ग्रंथाविषयी एक मत रूढ झालेले दिसते : हर्न नकाशाकार म्हणून कच्चा, परंतु साक्षीदार म्हणून खरा. या मताची दोन्ही अर्धे तपासून घेण्याजोगी आहेत.

नकाशातील चूक लहान नाही. नदीचे मुख त्याने ७१ अंश ५४ मिनिटे उत्तर अक्षांशावर दाखविले. १८२१ मध्ये फ्रँक्लिनने तेथे वेध घेतले तेव्हा ते ६७ अंश ४८ मिनिटांच्या आसपास निघाले. म्हणजे किनारा सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेकडे सरकला होता. मात्र ही चूक कशी झाली हे ग्रंथातूनच कळते. दुसऱ्या प्रवासात, ऑगस्ट १७७० मध्ये, त्याचे क्वाड्रंट वाऱ्याने उलथून फुटले. तिसऱ्या वेळी किल्ल्यात वर्षानुवर्षे पडून असलेले एक जुनाट यंत्र तेवढे मिळाले. समुद्रतीरी धुके आणि रिमझिम होती, म्हणून प्रत्यक्ष वेध न घेता मागील मुक्कामापासूनच्या दिशा व अंतरे यांवरून अक्षांश काढला, हे तो स्वतः नमूद करतो. ॲलेक्झांडर डॅलरिंपल याने या आकड्यांवर टीका केली आणि हर्नने प्रस्तावनेत तिला काहीसे चिडून उत्तर दिले. डॅलरिंपलने आपली उमेदवारी मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत केली होती व पुढे तो त्याच कंपनीचा जलालेखक झाला. एका व्यापारी कंपनीच्या नकाशाकाराने दुसऱ्या व्यापारी कंपनीच्या नोकराचा हिशेब तपासावा, यात त्या काळाचे पुष्कळसे चित्र येऊन जाते. टीका योग्यच होती. तरीही हर्नची चूक उघडी चूक आहे : यंत्र कोणते, आकाश कसे, गणित कोठून केले, हे सारे वाचकापुढे आहे. शिवाय उपसागरातून पश्चिमेकडे जहाजे नेणारा जलमार्ग नाही, हा त्याच्या चालीचा मुख्य निष्कर्ष अक्षांश चुकूनही अबाधित राहिला.

साक्षीदार हर्नची गोष्ट याच्या उलट आहे. १७ जुलै १७७१ रोजी धबधब्यापाशी त्याच्या चिपेव्यान सोबत्यांनी झोपेतील इनुइट लोकांवर हल्ला करून वीसहून अधिक माणसे मारली, हा प्रसंग ग्रंथात सर्वाधिक वाचला गेला. भाल्याने विद्ध झालेली तरुणी लेखकाच्या पायांना विळखा घालते, तो तिच्यासाठी विनवणी करतो, ते हसतात. वाचकाच्या मनातून हे चित्र जात नाही. परंतु हर्नच्या रोजनिशीची जी नक्कल उपलब्ध आहे, तिच्याशी अभ्यासकांनी छापील मजकूर ताडून पाहिला, तेव्हा नकलेतील वर्णन पुष्कळच त्रोटक आढळले. छापील आवृत्तीतील करुण-भयानक रंग वीस वर्षांच्या पुनर्लेखनात चढला. त्याला कुकच्या प्रवासांचे संपादक बिशप जॉन डग्लस यांचाही हात लागला असावा, असा तर्क मांडला गेला आहे. हत्या घडलीच नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. फ्रँक्लिनच्या मंडळींना तेथे मानवी कवट्या दिसल्या होत्या. प्रश्न हत्येचा नसून तिच्या तपशिलांचा आहे. कारण या तपशिलांवरूनच एका संपूर्ण जमातीच्या स्वभावाचा निवाडा इंग्रजी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. अक्षांशाची चूक पन्नास वर्षांत दुरुस्त झाली. या निवाड्याची दुरुस्ती अद्याप पुरती झालेली नाही, कारण गद्याचा वेध घेणारे क्वाड्रंट नसते आणि चांगले लिहिणाऱ्यावर वाचक सहज विश्वास ठेवतो.

ग्रंथाचे खरे बळ या प्रसंगाच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेले आहे. चिपेव्यान नायक मटोनाबी हर्नला सांगतो, की आधीच्या प्रवासात स्त्रिया नव्हत्या म्हणून ते फसले : स्त्री दोन पुरुषांइतके ओझे वाहते, तंबू ठोकते, कपडे शिवते. हे वचन क्रूर आहे. पण प्रवासाची अर्थव्यवस्था त्याने जितकी उघडी होते तितकी कंपनीच्या कोणत्याही अहवालाने होत नाही. कॅरिबूंचे कळप, उपासमार, कातड्यांची देवघेव, मागे टाकून दिलेला आजारी मनुष्य : येथे हर्न कोरडे, नेमके लिहितो. मागे टाकलेल्या स्त्रीविषयीचे त्याचे टिपण वाचून वर्ड्‌स्वर्थने १७९८ च्या संग्रहात एक कविता लिहिली; त्या टिपणात मात्र भावनेचा उमाळा फारसा नाही.

समीक्षकांनी ज्याकडे फारसे लक्ष दिले नाही, अशी आणखी एक गोष्ट आहे. हर्न निघण्यापूर्वी, सुमारे १७६७ मध्ये, मटोनाबी आणि त्याचा सोबती इडॉटलिआझी यांनी त्या नदीची व किनाऱ्याची माहिती नॉर्टनला आणून दिली होती, आणि तिच्यावरून काढलेला नकाशा कंपनीच्या दप्तरात शिल्लक आहे. त्यात अंश नाहीत, प्रमाण नाही. नद्यांचा क्रम मात्र आहे, आणि चालणाऱ्याला तोच लागतो. हर्नच्या नकाशाने या ज्ञानावर अक्षांशांचे जाळे टाकले, आणि चुकले ते जाळे. ‘हर्नने किनारा शोधला’ हे विधान म्हणून काळजीपूर्वक वापरावयास हवे. त्याने तो युरोपच्या कागदावर नेला, इतके निश्चित.

मटोनाबीविषयी मात्र हर्न कृतघ्न नाही. १७८२ मध्ये फ्रेंच नौसेनापती ला पेरूझ याने किल्ला घेतला आणि किल्लेदार हर्नला कैद केले. ते वृत्त ऐकून मटोनाबीने गळफास घेतला व त्या हिवाळ्यात त्याच्या सहा स्त्रिया आणि चार मुले उपासमारीने गेली, अशी नोंद हर्नने ग्रंथात केली आहे. तेथे त्याने एकही विशेषण जास्तीचे वापरलेले नाही.