मालिकेतल्या घरात कोण राहतं?

मावशीकडे रात्री ‘चला हवा येऊ द्या’ लागायचं. भाऊ कदम साडी नेसून आले की ती लसूण सोलायचं थांबवून हसायची. सागर कारंडेची ‘पुणेरी बाई’ तर तिला थेट खालच्या मजल्यावरची वाटे. साडी नेसलेला पुरुष मराठी घराला कधी खटकलेला नाही. बालगंधर्वांच्या शालूचं कौतुक आणि तमाशातल्या नाच्याची चेष्टा, दोन्ही आपल्याकडे एकाच घरात सुखाने नांदतात. अडचण होते ती पँट-शर्ट घालून कामावर जाणाऱ्या, रात्री आतल्या खोलीत झोपणाऱ्या आणि मुलगेच आवडणाऱ्या मुलाची. मालिकेतल्या त्या भल्यामोठ्या वाड्यात आत्या, काका, कारस्थानी जाऊ सगळे मावतात, हाच कुठे मावत नाही.

हिंदी वाहिन्यांनी निदान दार किलकिलं केलं. २०१० साली स्टार प्लसच्या ‘मर्यादा’ने लग्न झालेला समलिंगी मुलगा घरात आणून दाखवला. २०१६ला कलर्सवर ‘शक्ती’ सुरू झाली आणि रुबिना दिलैकची किन्नर सौम्या चक्क सून झाली. मालिका पाच वर्षांहून जास्त चालली, हे साधं नव्हे. पण सौम्याला घरात राहायचं तर इतर कुठल्याही सुनेपेक्षा जास्त सोशिक असावं लागलं. भाडं भरावं तसा ती त्याग भरत राहिली. मराठीत ‘कारभारी लयभारी’त गंगा ही तृतीयपंथी व्यक्तिरेखा आली आणि ती साकारणारी कलाकारही तृतीयपंथीच होती. या बाबतीत झी मराठीने पुढे ओटीटीवर आलेल्या ‘ताली’च्या आधीच बाजी मारली होती. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

‘ताली’ १५ ऑगस्ट २०२३ला जिओ सिनेमावर आली. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची ही मालिका. गौरी पुण्याच्या, वडील पोलिसात. दिग्दर्शक रवी जाधव, लेखन क्षितिज पटवर्धन, वडिलांच्या भूमिकेत नंदू माधव, आईच्या ऐश्वर्या नारकर. लहानग्या गणेशचं, म्हणजे लहानपणीच्या गौरीचं, काम कृतिका देवने इतकं नेमकं केलंय की मोठी गौरी झालेली सुष्मिता सेन पडद्यावर आल्यावरही मी त्या पोराचीच वाट बघत राहिलो. सगळं मराठी, आणि बोलतात मात्र हिंदी! बापाचा दरारा हिंदीत आला की त्याची धार निम्मी होते. ‘नटरंग’, ‘बालगंधर्व’ आणि विजय तेंडुलकरांच्या कथेवर बेतलेला ‘मित्रा’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट करणाऱ्या दिग्दर्शकाला हे कळत नसेल असं नाही. पैसा तिकडे आहे, एवढंच. तीच गत ‘कोबाल्ट ब्लू’ची. सचिन कुंडलकरांची पुण्यातल्या घराची कादंबरी २०२२ला नेटफ्लिक्सवर पोहोचली तेव्हा ते घर केरळात गेलं होतं.

ओटीटीवर सगळ्यात धीट काम माझ्या मते अजूनही ‘मेड इन हेवन’चं (२०१९). वेडिंग प्लॅनर करणच्या घरमालकाचं काम विनय पाठकने केलंय. हा गृहस्थ भाडेकरूच्या खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्यातून त्याला दुसऱ्या पुरुषासोबत बघतो. डोळ्यांत किळस नाही, भूक आहे. पुढे कलम ३७७खाली करणला अटक होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ६ सप्टेंबर २०१८ला रद्द केलं, म्हणजे मालिका आली तेव्हा कायदा मागे पडला होता. पण तो घरमालक आहेच. स्वतःचं घर, बायको, मुलगी, आणि अंधारात एकटा पडद्यासमोर बसलेला. समलिंगी माणूस आपल्या घरांत आज खरंच कसा राहतो, ते करणपेक्षा या चोरट्या माणसाने जास्त सांगितलं.

गंमत म्हणजे ही मालिकाही लोक तशीच बघतात. एकटे, कानात हेडफोन घालून, कुणी आलं की पॉज. हॉलमधल्या टीव्हीवर साडीतला विनोद आणि आतल्या खोलीतल्या मोबाइलवर प्रेम, अशी वाटणी झाली आहे. ओटीटीने विषयाला मोकळीक दिली खरी, पण सगळ्यांनी मिळून बघायची सक्ती काढून घेतली. आई आणि मुलगा एकाच सोफ्यावर अवघडून बसलेत आणि समोरचा प्रसंग संपता संपत नाहीये, ही टीव्हीची खरी ताकद. ती कुणी वापरली? आमिर खानने, ‘सत्यमेव जयते’त, २०१४ साली, दूरदर्शनवरही. मालिकांनी नाही.

आणि इथे मला रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’ आठवतो. सनडान्समध्ये २०२५ला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवलेला हा मराठी सिनेमा. वडील वारलेत, त्यातला समलिंगी मुलगा आनंद मुंबईहून गावी आलाय. दहा दिवसांचं सुतक, काय खायचं नि काय घालायचं त्याचे नियम, आणि जो येईल तो विचारतो, लग्नाचं काय? आईला सगळं ठाऊक आहे, ती नातेवाइकांना परस्पर वाटेला लावते. सुतक, भावकी, लग्नाचा विषय, सांभाळून घेणारी आई... यातलं काय मालिकेवाल्यांना नवं आहे? असल्या आईवर त्यांनी सहज तीनशे भाग काढले असते. मावशीने तर एकही चुकवला नसता.