‘स्थानिक’ या शब्दाची किंमत

मार्च १९२१ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी बोलाविलेल्या कैरो परिषदेत इराकमधील ब्रिटिश फौज कमी करण्याची योजना ठरली. १९२० च्या उठावाचा बीमोड करण्यात कोट्यवधी पौंड खर्ची पडले होते. त्या फौजेत हिंदी शिपायांचा भरणा मोठा होता. त्याआधी, १९१६ साली, कूत येथे शरण जावे लागलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, हे बेळगावच्या वाचकांना सांगावयास नकोच. आता या फौजेऐवजी आकाशात हवाई दलाची आठ स्क्वाड्रने आणि जमिनीवर ‘लेव्ही’ हे स्थानिक दल राहावयाचे होते.

या योजनेची वाखाणणी होते ती काटकसरीसाठी. तो हिशेब आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप ‘स्थानिक’ या विशेषणावर आहे. १९१५ साली मूठभर अरब घोडेस्वारांनिशी हे दल सुरू झाले. परंतु १९२१ मध्ये इराकी सैन्याची उभारणी होताच अरबांची भरती तिकडे वळली आणि लेव्हीत असिरियन ख्रिस्ती वाढत गेले. त्यांतील बहुतेक जण हक्कारीसारख्या मुलखांतून महायुद्धात उखडले गेलेले निर्वासित होते. पगार ब्रिटिशांचा, अधिकारी ब्रिटिश, आणि बंदूक मात्र शेजाऱ्यावर रोखलेली!

याची फळे लवकरच दिसली. मे १९२४ मध्ये किर्कुक येथे बाजारातील भांडणातून लेव्हीच्या शिपायांनी सुमारे पन्नास नागरिकांचे बळी घेतले. १९३२ साली इराक स्वतंत्र झाला आणि ऑगस्ट १९३३ मध्ये सिमेले येथे इराकी सैन्याने निःशस्त्र असिरियनांची कत्तल केली. तिचे पाप करणाऱ्यांचेच. पण परक्यांचे शिपाई हा शिक्का त्या समाजावर या योजनेने मारला होता.

ग्वाल्हेरकरांना हा प्रकार अपरिचित नाही. १८४४ च्या तहान्वये उभ्या राहिलेल्या ग्वाल्हेर कंटिन्जंटचा खर्च शिंदे दरबाराचा, अधिकारी कंपनीचे आणि शिपाई बहुतांशी अवधकडचे. जून १८५७ मध्ये ती कंपनीवर उलटली, पण म्हणून दरबाराची झाली नाही.

दल कोणास जाबदार आहे, यावरच ते स्थानिक की परके हे ठरते. कैरोच्या योजनेत हा प्रश्न विचारलाच गेला नाही. लंडनची बचत झाली. तिची भरपाई पुढे असिरियनांना करावी लागली. आमच्या मते त्या योजनेच्या जमाखर्चात ही रक्कमही मांडली पाहिजे.