‘वऱ्हाड’चे ध्वनिपाठ : संग्रहाची चिकित्सा

कै. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग ज्यांनी प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिला, त्यांच्यापेक्षा तो केवळ कानांनी अनुभवलेल्या रसिकांची संख्या मोठी असावी. १९७९ साली हा प्रयोग रंगभूमीवर आला आणि त्याच्या लोकप्रियतेचा पूर्वार्ध कॅसेटच्या भरभराटीच्या काळातच गेला. मराठवाड्यातील कित्येक घरांत, लग्नकार्याच्या मांडवात आणि प्रवासी मोटारींत ही कॅसेट वाजली. तिच्यातील वाक्ये मूळ प्रयोग न पाहिलेल्या माणसांच्याही तोंडी रुळली. आज त्या कॅसेटी माळ्यावरच्या डब्यांत पडून आहेत आणि त्या जमविणाऱ्यांचा एक वर्ग उदयास आला आहे. त्यांच्या खटपटीचे स्वागत करावे तितके थोडेच आहे. मात्र ही खटपट ज्या कसोटीवर चालते, ती कसोटी तपासून पाहणे अवश्य झाले आहे.

कसोटी अशी की, ज्या प्रतीत नटाचा आवाज सर्वांत स्वच्छ, खरखर सर्वांत कमी आणि प्रेक्षकांचा गलका बेताचा, ती प्रत उत्तम. अशी एक उत्तम प्रत हाती आली की उरलेल्या प्रती निरुपयोगी ठरतात आणि त्या रद्दीत जातात, किंवा त्यांच्यावर दुसरे काही मुद्रित केले जाते. तिकिटे किंवा नाणी जमविणाऱ्याला ही रीत शोभते. प्रयोगाच्या बाबतीत ती घातक आहे, कारण ज्यांना ‘त्याच कॅसेटच्या’ वाईट प्रती म्हणून बाजूस सारले जाते त्यांतील काही वेगळ्याच रात्रींच्या, वेगळ्याच गावच्या प्रयोगांची मुद्रणे असतात.

प्रयोगाचे स्वरूप ध्यानी घेतल्यावर या हानीचे मोल कळते. मराठवाड्यातील एका खेड्यातील कुटुंबाचा मुलगा लंडनला आहे, तेथील गोऱ्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आणि सारे वऱ्हाड विमानाने तिकडे निघते, एवढेच कथानक. त्या भोवती सुमारे तीन तास चालणारा, बावन्न पात्रांचा संसार एक नट एकट्याने उभा करी. गिनीजच्या विक्रमग्रंथाने त्याची नोंद घेतली आहे. (शीर्षकातील ‘वऱ्हाड’ हा शब्द लग्नाच्या मंडळींचा वाचक आहे, प्रांताचा नव्हे. तेवढ्यावरून ही कृती वऱ्हाडी बोलीच्या खणात टाकण्याचा मोह सूचिकारांनी आवरावा. बोली मराठवाड्याची आहे.) देशपांडे हे पेशाने नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. त्यांचे निधन २२ फेब्रुवारी २००९ रोजी झाले, तोपर्यंत या प्रयोगाच्या आवृत्तींनी हजाराचा आकडा केव्हाच ओलांडला होता. समोरचा श्रोता जेथे हसतो तेथे थांबणे, जेथे हसत नाही तेथे दोन वाक्ये गाळून पुढे जाणे, हा एकपात्री नटाचा नित्याचा व्यवहार. तीन तासांच्या अशा दोन रात्री अक्षरशः सारख्या असणे संभवत नाही.

आता हे तीन तास कॅसेटमध्ये कसे बसावयाचे? जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यामुळे त्या काळच्या मराठी विनोदाचा जो भाग तबकडीवर गेला, तो चुटक्याच्या मापाने कापूनच गेला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणलेल्या कॅसेटने हे माप मोठे केले खरे, तरी प्रचलित कॅसेटची एकूण मर्यादा साठ किंवा नव्वद मिनिटेच होती. म्हणजे तीन तासांच्या प्रयोगाची एक तर दोन-तीन कॅसेटींत वाटणी करावयाची, नाही तर त्याला कात्री लावावयाची. घरी प्रत काढणाऱ्याने तर बाजू संपली तेथे वाक्य अर्धे तोडलेले असते, आणि फीत उलटीपर्यंतचा मजकूर कायमचा गेलेला असतो. ज्या पिढीने अशीच प्रत शेकडो वेळा ऐकली, तिच्या लेखी ती तोड हाच प्रयोगाचा आकार होऊन बसला. माध्यमाने कृतीवर घातलेली ही मर्यादा संग्राहकाने नोंदविली पाहिजे. ती लपवून निरनिराळ्या प्रतींचे तुकडे जोडून एक ‘संपूर्ण’ फीत सिद्ध करणे म्हणजे कधीही न झालेल्या प्रयोगाचे मुद्रण निर्माण करणे होय.

येथे पाठचिकित्सेच्या शास्त्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, आणि ते औरंगपुऱ्यात तर विशेषच. या वस्तीत एकनाथांचे मंदिर आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. मराठीतील पाठसंशोधनाचे ते आद्य उदाहरण समजले जाते. लेखकांच्या हातून शिरलेले प्रमाद आणि मागाहून घुसडलेल्या ओव्या बाजूस सारून मूळ संहितेकडे जावयाचे, ही त्यामागची दृष्टी. स्वच्छ प्रतीचा शोध घेणारा संग्राहक नकळत हीच दृष्टी ध्वनिफितीला लावीत असतो. परंतु ती येथे लागू पडत नाही. ज्ञानेश्वरीला एक कर्ता आणि एक मूळ पाठ होता, म्हणून त्यातील भर ही अशुद्धी ठरते. ‘वऱ्हाड’मध्ये भर घालणारा कर्ता स्वतःच आहे आणि प्रत्येक रात्री तो ती नव्याने घालतो. छापील पुस्तक उपलब्ध आहे, पण ते त्या प्रयोगांपैकी एखाद्या स्थिर अवस्थेचा आलेख आहे. त्याला मूळ मानून फितींतील फरकांना ‘विचलन’ म्हणणे अशास्त्रीय होईल.

एकनाथांचेच दुसरे उदाहरण येथे अधिक जवळचे आहे. त्यांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी इत्यादी अनेक जण बोलतात, आणि भारूड करणारा ते सारे आवाज आपल्या एका गळ्यातून काढतो. कीर्तनकाराचे आख्यानही असेच चालते. एका माणसाने गावभर माणसे होणे ही मराठवाड्याच्या श्रोत्याला परकी गोष्ट नव्हती. देशपांड्यांच्या कलेचे मूळ पाश्चात्य एकपात्री नाट्यात शोधणाऱ्यांनी पैठणचा रस्ता आधी पाहावा. भारुडाचा शब्द आज छापलेला मिळतो, त्याचा हेल मिळत नाही. ज्या कृतीचा हेल फितीवर शिल्लक आहे, तिच्या फिती आपणच फेकून देत आहोत, यासारखे दुर्दैव नाही.

हेलाचा मुद्दा गौण नाही. मराठवाड्याची बोली निजामी राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, उर्दूच्या निकट सहवासात वाढली. गिरदावरासारखे दफ्तरी शब्द, ‘लई’, ‘कामून’ यांसारखी बोलरूपे, आणि वाक्याच्या शेवटी स्वर लांबविण्याची ढब यांतून तिची ओळख पटते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी लिपीत उतरतात. तिसरी उतरत नाही. ‘कामून’ हा एकच शब्द स्वर किती ताणला यावरून प्रश्न होतो, दरडावणी होते, लाडही होतो. बावन्न पात्रांपैकी बाप्पा कोणता आणि जानराव कोणता हे श्रोत्याला कळते ते अशाच ताणावरून. पात्रांची नावे न घेता संवाद चालविण्याचे हे कौशल्य छापील पानावर कंसातील नावांच्या आधाराने चालू लागते. बोलीच्या अभ्यासकाला जे साधन हवे ते फितीतच आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ध्वनिमुद्रणांशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आधी आली आणि १९६१ पासून प्रयोगरूपाने रंगमंचावर गेली. तेथे लेखन हा पाया आणि वाचिक अभिनय हा त्यावरचा मजला आहे. म्हणून पु. लं.च्या मुद्रणाचा रसिक पुस्तकाशी ताडून पाहतो, आणि दोन्हींत फारसे अंतर पडले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. ‘वऱ्हाड’मध्ये ध्वनी हाच पाया आहे. दोन्ही देशपांड्यांच्या कॅसेटी एकाच खणात, एकाच पद्धतीने सूचित करणारी ग्रंथालये हा भेद पुसून टाकतात.

या प्रकारचा विनोद ध्वनिमुद्रणातून जगण्याचे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागात सापडते, आणि त्यातील साम्य चकित करणारे आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या अँडी ग्रिफिथ याने १९५३ साली फुटबॉलचा सामना प्रथमच पाहणाऱ्या एका भाबड्या ग्रामीण धर्मोपदेशकाचे कथन मुद्रित केले. ‘कलोनियल’ नावाच्या लहानशा स्थानिक कंपनीची ती तबकडी लवकरच ‘कॅपिटॉल’सारख्या मोठ्या कंपनीने हाती घेतली. खेडुताने नवी वस्तू आपल्या शब्दांत वर्णावी आणि श्रोत्याने ती ओळखून हसावे, ही युक्ती विमानात बसलेल्या वऱ्हाडाची आहे तीच. मिसिसिपीतील जेरी क्लॉवर हा तर खतांचा विक्रेता होता. ग्राहकांच्या मेळाव्यात सांगितलेल्या गोष्टींतून तो तबकडीपर्यंत पोहोचला. दोघांच्याही मुद्रणांत श्रोत्यांचे हसणे राखलेले आहे. ते काढून टाकल्यास कथन लंगडे पडेल, कारण वक्त्याच्या थांबण्याला अर्थ त्या हसण्यामुळे येतो.

नेमके हेच हसणे आजच्या ‘शुद्धीकरणा’त प्रथम बळी पडते. यंत्राच्या दृष्टीने टाळ्या व सामूहिक हास्य आणि फितीची सळसळ यांत फारसे अंतर नसते. सळसळ काढावयास गेले की हास्य चिरडले जाते आणि सभागृह रिकामे वाटू लागते. मूळ फितीची अंकीय प्रत काढताना कोणतीही दुरुस्ती न केलेली, आकुंचित न केलेली एक प्रत आधी जतन करावी. ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत हवी असल्यास ती निराळी करावी. पुष्कळ घरगुती संग्रहांत नेमके उलट घडते. साफ केलेली, फोनवर पाठविण्याजोगी लहान प्रत उरते आणि मूळ फीत कपाटाबाहेर जाते.

जुन्या फितीचा एक दोष मात्र विलक्षण आहे. गुंडाळून ठेवलेल्या फितीच्या एका वेढ्यावरील चुंबकीय ठसा कालांतराने शेजारच्या वेढ्यावर अंधुक उमटतो. कॅसेटच्या वेगाने हे अंतर सुमारे दीड ते सव्वातीन सेकंदांचे पडते. त्यामुळे विनोद अजून बोलला गेलेला नसताना त्यावरचे हसणे दुरून आल्यासारखे ऐकू येते. वापरण्यापूर्वी फीत एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली असता हा दोष काही अंशी कमी होतो. उष्णतेने तो वाढतो, आणि येथील उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या फितीचे काय होत असेल हे सांगावयास नको. कॅसेटच्या मागील कडेवरील दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून ठेवल्या की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. ही साधी खबरदारी न घेतल्यामुळे कित्येक फितींत विमानप्रवासाच्या ऐन मध्यात चित्रपटगीत सुरू होते. असल्या फितीही टाकू नयेत. गीताच्या आधीची दहा मिनिटे अन्यत्र कोठेही नसलेल्या रात्रीची असू शकतात.

संग्रहाचे खरे काम नोंदीपासून सुरू होते. प्रयोगाचे गाव, तारीख, सभागृह की उघडे मैदान, आयोजक, मुद्रण ध्वनिक्षेपकाच्या यंत्रातून घेतले की श्रोत्याने मांडीवर यंत्र ठेवून केले, ही प्रत मूळ की प्रतीची प्रत, बाजू कोठे तुटते, एवढे तपशील प्रत्येक फितीच्या चिठ्ठीवर हवेत. मांडीवरच्या यंत्राने घेतलेले मुद्रण नटाच्या दृष्टीने निकृष्ट असते, पण शेजारच्या खुर्चीवरील माणूस कोणत्या शब्दाला हसला हे तेच सांगते. विनोदाच्या इतिहासाला ते अमोल आहे. खेड्यातील श्रोता पात्राबरोबर हसतो की त्याला हसतो, आणि शहरातील श्रोता तेथेच हसतो की अन्यत्र, या प्रश्नाला आजवर केवळ मते देण्यात आली आहेत. तारीख आणि गाव नोंदविलेल्या वीस-पंचवीस फिती शेजारी ठेवल्या तर त्याचे उत्तर ऐकता येईल. देशपांड्यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी हाच प्रयोग रंगभूमीवर आणला. त्या प्रयोगात जुन्यापैकी काय टिकले, काय बदलले, हेही एका व्यापारी कॅसेटशी ताडून ठरविता येणार नाही.

प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०६९ च्या अखेरपर्यंत, चालणार असल्याने या फितींचे प्रकाशन हा निराळा प्रश्न आहे व तो वारसांच्या संमतीने सुटावयाचा. जतन, सूची आणि अभ्यासकाला जागेवर ऐकण्याची सोय, एवढ्या कामाला मात्र थांबण्याचे कारण नाही. औरंगपुऱ्यात बळवंत वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, सरस्वती भुवनाचे शिक्षणसंकुल आहे, निराला बाजारातील तापडिया नाट्यमंदिर हाकेच्या अंतरावर आहे, आणि ज्या विभागात देशपांड्यांनी शिकविले तो विभागही याच शहरात आहे. यांपैकी कोणीही एका कपाटाची आणि एका नोंदवहीची तजवीज करावी. संग्राहकांनी आपल्या ‘वाईट’ प्रती आधी तेथे आणून द्याव्यात. चांगल्या प्रती त्यांच्याजवळ राहिल्या तरी चालेल.