पाठ्यपुस्तकातला बेडूक आणि त्याचे नाव

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी एक लॅटिन नाव पाठ केले आहे: राना टिग्रिना. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या २००६ सालच्या पुस्तकातही भारतात सर्वत्र आढळणारा बेडूक म्हणून हेच नाव आले. त्या प्रकरणातील शरीररचनेचे वर्णन मुद्देसूद आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती नावाविषयी. त्यातल्या दोन शब्दांपैकी एकही आज ग्राह्य नाही.

आधी दुसरा शब्द पाहू. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ मध्ये बंगालच्या या बेडकाचे वर्णन केले आणि नाव दिले 'राना टिगेरिना', म्हणजे वाघासारखा बेडूक. पुढच्या लेखकांना लॅटिनच्या दृष्टीने 'टिग्रिना' अधिक शुद्ध वाटले आणि तेच रूढ झाले. पण नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मूळ लेखकाचे स्पेलिंग केवळ भाषाशुद्धीसाठी बदलता येत नाही. म्हणजे पुस्तकातला हा शब्द जुना नव्हे, चुकीचाच आहे.

पहिल्या शब्दाची गोष्ट मोठी आहे. लिनियसने १७५८ मध्ये 'राना' या प्रजातीत बेडूक, भेक आणि झाडावरचे बेडूक अशा सगळ्यांनाच बसवले होते. (प्रजाती म्हणजे जातीच्या वरची पायरी, वृत्तपत्रे हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात, वर्गात तसे करू नये.) पुढे भेक आणि वृक्षमंडूक वेगळे निघाले, तरी 'राना' ही अडगळीची खोलीच राहिली. बुलेंजर यांनी १९२० मध्ये दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बेडकांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही आपला बेडूक 'राना'तच होता. १९९२ मध्ये द्युब्वा यांनी पीटर्सने १८६३ मध्ये सुचवलेली 'होप्लोबॅट्राकस' ही प्रजाती पुन्हा उभी केली आणि त्याला तिच्यात नेले. या नावाचा अर्थ शस्त्रधारी बेडूक. डी.एन.ए.च्या अभ्यासांनी ही फारकत पक्की केली. आज त्याचे कुलही वेगळे, डायक्रोग्लॉसिडी, मानले जाते. त्याचा एक जवळचा नातेवाईक आफ्रिकेत आहे आणि त्याचे पूर्वज आशियातून तिकडे गेले असावेत, असे २००१ च्या एका अभ्यासात दिसले.

'राना' स्त्रीलिंगी, 'होप्लोबॅट्राकस' पुल्लिंगी; म्हणून 'टिगेरिना'चे 'टिगेरिनस' झाले. प्रजाती बदलली म्हणून दोदँ यांचे नाव आणि १८०२ हे साल आता कंसात लिहितात. कंस दिसला की समजावे, जातीने घर बदलले आहे.

कोणी म्हणेल, नावे सारखी बदलत राहतात, शिक्षकांनी किती धावायचे? हा आक्षेप अगदीच गैर नाही. शालेय पुस्तकाने प्रत्येक नव्या शोधनिबंधामागे पळू नये, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु २००६ मध्ये १९९२ चा बदल काही नवा नव्हता.

शिवाय नाव म्हणजे नात्याविषयीचे विधान असते. 'राना' म्हटले की युरोपातल्या बेडकाचे गुण आपण नकळत आपल्या बेडकाला लावतो. भैकेर म्हणजे टॅडपोल शेवाळ खातात, असे आपण सरसकट शिकवतो. होप्लोबॅट्राकसचे भैकेर मात्र शिकारी आहेत. ते इतर भैकेर, प्रसंगी स्वतःचे भाईबंदही, खातात. पावसाळ्यातल्या डबक्याचे निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याला हे दिसेल आणि पुस्तकाशी जुळणार नाही.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. तंगड्यांच्या निर्यातीसाठी हा बेडूक प्रचंड प्रमाणात पकडला जाई. १९८५ मध्ये तो साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि १९८७ मध्ये भारताने ही निर्यात थांबवली. त्या यादीत आज 'होप्लोबॅट्राकस टिगेरिनस' असे नाव आहे. 'राना टिग्रिना' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे आपला बेडूक सापडणार नाही.

तेव्हा पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिक्षकांनी फळ्यावर तिन्ही नावे सालांसह एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक बदल का झाला, ते मुलांना शोधायला सांगावे. परीक्षेत जुने नाव लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. पण नवे लिहिणाऱ्याचे तर मुळीच कापू नयेत.